अखंड खवला: कार्ल श्मिट यांच्या शेवटच्या सापाची ओळख

२५ सप्टेंबर १९५७ रोजी शिकागोच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात एक जिवंत साप ओळख पटवण्यासाठी आला. लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाचे संचालक मार्लिन पर्किन्स यांनी तो पाठवला होता. साप सुमारे ३० इंचांचा, म्हणजे जेमतेम पाऊण मीटर. तो बघायला जमलेल्या मंडळींत सरीसृपतज्ज्ञ कार्ल पॅटरसन श्मिट होते. दुसऱ्या दिवशी दुपारी श्मिट मरण पावले.

सर्पदंशाच्या गोष्टींमध्ये हे प्रकरण वारंवार सांगितलं जातं. शास्त्रज्ञ स्वतःच्या मरणाची नोंद करत बसला, असा त्याचा सूर असतो. मला त्यातला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दंश होण्यापूर्वीच्या काही मिनिटांत त्या खोलीत जे चाललं होतं, तेच आपण सगळे फील्ड गाईड, म्हणजे प्राणी ओळखायचं पुस्तक, उघडून करत असतो. समोरचा प्राणी, पुस्तकातलं वर्णन, आणि दोन्ही जुळतात का याची चर्चा.

ओळखणारे कोण होते

श्मिट तेव्हा ६७ वर्षांचे होते. संग्रहालयाच्या प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुखपदावरून १९५५ साली निवृत्त झाले होते, पण काम सुटलं नव्हतं. अमेरिकेतल्या पोवळे सापांवरचा त्यांचा अभ्यास मोठा. त्या गटातल्या कितीतरी जातींना त्यांनीच नावं दिली आहेत. आणि या लेखापुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते स्वतः फील्ड गाईडचे लेखक होते. अमेरिका आणि कॅनडातल्या सापांवरचं त्यांचं आणि ड्वाइट डेव्हिस यांचं पुस्तक १९४१ साली आलं होतं. ज्यांच्या हातून त्यांनी हा साप घेतला ते रॉबर्ट इंगर हेही मोठे सरीसृपतज्ज्ञ. जगभरच्या सरीसृपांवरचं या दोघांचं पुस्तक त्याच वर्षी, १९५७ मध्ये, निघालं होतं.

म्हणजे ‘पुस्तक नीट वाचलं असतं तर’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. पुस्तक लिहिणारेच समोर होते.

काय दिसत होतं आणि काय जुळत नव्हतं

सापाचं एकूण रूप बूमस्लँगसारखं होतं. बूमस्लँग, शास्त्रीय नाव डिस्फोलिडस टायपस, हा आफ्रिकेतला झाडांवर राहणारा साप. डोकं आखूड, डोळे खूप मोठे, अंगावरचे खवले तिरक्या रांगांत बसवलेले आणि प्रत्येक खवल्यावर मधोमध उठलेली धार. रंगावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. नर बहुतेकदा हिरवे, माद्या तपकिरी, पिल्लं करडी, शिवाय प्रदेशागणिक फरक वेगळाच. श्मिट यांनी आपल्या नोंदीत डोक्याचा आकार, धारदार तिरके खवले आणि उठावदार रंगनक्षी या तिन्हींचा उल्लेख केला. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

अडलं ते एका खवल्यावर. सापाच्या पोटावर रुंद आडव्या खवल्यांची ओळ असते. त्या ओळीतला शेवटचा खवला गुदद्वारावर झाकणासारखा बसतो. काही जातींत तो अखंड असतो, काहींत तिरपी चीर पडून त्याचे दोन भाग झालेले असतात. आपल्याकडचीच उदाहरणं घ्यायची तर नाग, मण्यार, घोणस यांचा हा खवला अखंड, धामण आणि पाणदिवड यांचा दुभंगलेला. ओळखीच्या तक्त्यांत ही खूण फार वरच्या पायरीवर येते, कारण ती मोजावी लागत नाही. एक किंवा दोन, एवढंच बघायचं.

बूमस्लँगचा हा खवला दुभंगलेला असतो. समोरच्या सापाचा अखंड होता.

या एका विसंगतीमुळे ‘हा बूमस्लँगच’ असं कुणी ठामपणे म्हटलं नाही. चर्चा चालू असताना श्मिट यांनी तो साप इंगर यांच्या हातून कसलीही खबरदारी न घेता घेतला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. सापाने तत्काळ डाव्या अंगठ्याला चावा घेतला. तोंड पूर्ण वासून मागचे दात लावले, आणि त्यातला उजवा दात सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या पूर्ण लांबीइतका, आत गेला.

पुढचे चोवीस तास

हा भाग थोडक्यात. संध्याकाळी उपनगरी गाडीने घरी जाताना जोरदार मळमळ. मग हुडहुडी, १०१.७ अंश फॅरनहाइट ताप. साडेपाचच्या सुमारास हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रात्री थोडं खाल्लं, झोप लागली. मध्यरात्रीनंतर लघवीतून रक्त. सकाळी ताप उतरला होता. त्यांनी व्यवस्थित न्याहारी केली आणि नोंद पुढे चालू ठेवली: तोंडातून, नाकातून रक्त येतंय, पण फार नाही. दुपारी प्रकृती एकदम ढासळली. इस्पितळात नेलं, पण तीनच्या सुमारास मृत्यू झाल्याचं सांगण्यात आलं. शवविच्छेदनात फुप्फुसं, मूत्रपिंडं, हृदय, मेंदू अशा अनेक ठिकाणी रक्तस्राव आढळला. त्यांच्या नोंदी सहकारी क्लिफर्ड पोप यांनी १९५८ साली ‘कोपिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या.

बूमस्लँगचं विष रक्त गोठवण्याच्या यंत्रणेवर काम करतं. ते प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला चेतवतं, शरीरभर बारीक बारीक गाठी होत राहतात, आणि त्यात गोठण्यासाठी लागणारे घटकच संपून जातात. मग रक्त कुठूनही वाहू लागतं. याला काही तास लागतात, आणि मधल्या वेळात माणूस ठीकठाक दिसू शकतो. कोकणातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. फुरशाच्या विषातही प्रोथ्रॉम्बिन चेतवणारा घटक असतो, आणि फुरसं चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येणं तिथल्या डॉक्टरांना नवं नाही. कुळं अगदी वेगळी, दात वेगळे, परिणाम मात्र एकाच वाटेने जाणारा.

पुस्तकातलं वाक्य आणि समोरचा साप

आता मुद्द्याकडे. ‘खवला दुभंगलेला’ हे पुस्तकातलं वाक्य खरंच होतं. पण कुठल्याही ओळखपुस्तिकेतलं वाक्य हे त्या जातीच्या तपासलेल्या नमुन्यांबद्दल असतं, तुमच्या समोरच्या एका प्राण्याबद्दल नसतं. शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांचा खवला दुभंगलेला असला तरी एखादा अखंड निघतो. खवल्यांच्या रांगा एकदोनाने कमी-जास्त होतात, दोन खवले जुळून एक होतात, जुन्या जखमेने मांडणी बिघडते. चांगल्या पुस्तकात म्हणूनच ‘१९ रांगा, क्वचित १७ किंवा २१’ अशी भाषा असते, आणि वाचताना नेमकं ते ‘क्वचित’ आपण गाळतो.

तक्त्याची रचना हा धोका वाढवते. ओळखतक्ता फाट्याफाट्यांनी चालतो: खवला अखंड असेल तर इकडे वळा, दुभंगलेला असेल तर तिकडे. पहिल्या फाट्यावर चुकीचं वळण घेतलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर चढूनही माणूस भलत्याच नावाशी पोचतो, आणि वाटेत कुठे चुकलं हे तक्ता सांगत नाही. श्मिट त्यात फसले नाहीत, हे नोंदवायला हवं. एकूण रूप बूमस्लँगचं आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं. नावाचा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला, आणि शास्त्र म्हणून ते योग्यच होतं.

गडबड झाली ती दुसऱ्या प्रश्नात. ‘हा कोणता साप?’ याचं उत्तर अनिर्णित ठेवता येतं. ‘याला कसं धरायचं?’ याचं उत्तर त्याच क्षणी द्यावं लागतं, आणि ते संभाव्य नावांच्या यादीतल्या सगळ्यात घातक नावाप्रमाणे द्यायचं असतं. त्या खोलीत यादीत बूमस्लँग होता. एका खवल्याने नावाबद्दल शंका निर्माण केली, आणि तीच शंका नकळत हातापर्यंत उतरली.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हती, ती म्हणजे जागा. साप प्राणिसंग्रहालयातून आला होता. तो कुठल्या झाडावर होता, दिवसा फिरत होता की रात्री, कशावर टपला होता, यातलं काहीच बरोबर आलं नाही. फील्ड गाईडची खरी ताकद तर यातच असते. १९५८ साली, म्हणजे श्मिट यांच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, अमेरिकेत रॉजर कोनांट यांचं सरीसृप आणि उभयचरांचं गाईड आलं. त्यात प्रत्येक जातीच्या प्रदेशाचे नकाशे दिले होते. नकाशा बघितला की निम्म्याहून जास्त नावं आपोआप गळतात, एकही खवला न मोजता. जागा कळली नाही की सगळा भार अंगावरच्या खुणांवर येतो, आणि मग एकाच खुणेवर गाडी अडते.

‘निमविषारी’ हा रकाना

महाराष्ट्रात शाळांच्या भिंतींवर, वन विभागाच्या फलकांवर सापांचे तक्ते असतात. त्यात बहुधा तीन रकाने: विषारी, निमविषारी, बिनविषारी. मधल्या रकान्यात हरणटोळ, मांजऱ्या वगैरे. हा रकाना मुळात दातांच्या जागेवरून बनला आहे. विषाचे दात जबड्यात मागे असलेले साप तिथे जातात. आपल्याकडच्या या सापांच्या बाबतीत तो चालून जातो. हरणटोळ चावला तर सहसा थोडी सूज, थोडी आग, यापलीकडे जात नाही.

पण त्याच नियमाने रकाने भरले तर बूमस्लँगही निमविषारीतच बसेल. मागच्या दातांचे साप माणसाला फारसे घातक नसतात, ही समजूत १९५७ साली तज्ज्ञांमध्येही पक्की होती. त्यात हा साप लहान, आणि रुतलेला दात एकच. ही समजूत श्मिट यांच्याबरोबर संपलीही नाही. जर्मन सरीसृपतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स यांना १९७५ साली त्यांच्याच पाळीव आफ्रिकी काटकी सापाने चावलं. तोही मागच्या दातांचा. मेर्टेन्स अठरा दिवसांनी गेले. ईशान्य भारतातला लाल मानेचा ऱ्हॅब्डोफिस हा पाणदिवडीच्या नात्यातला साप कित्येक वर्षं निरुपद्रवी समजला जात होता; त्याच्या दंशाने गंभीर रक्तस्राव होतो हे नंतर कळलं.

माझं मत असं की तक्त्यातला मधला रकाना काढून टाकावा. दाताची जागा ही शरीररचनेची माहिती आहे. धोक्याची माहिती हवी असेल तर ती त्या त्या जातीपुढे वेगळी लिहावी.

आपल्या हातातलं पुस्तक

बूमस्लँग आपल्याकडे नाही, पण अखंड खवल्यासारखा पेच दर पावसाळ्यात घरोघरी येतो. मण्यार की कवड्या? दोन्ही रात्री फिरतात, दोन्ही घरात शिरतात, दोन्हींच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे. मण्यारीचं विष मज्जासंस्थेवर काम करतं, आणि चावा इतका हलका असतो की झोपेत जाणवतही नाही. कवड्या बिनविषारी.

सगळ्यांना पाठ असलेला नियम असा: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरतात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट किंवा गायब. नियम उपयोगी आहे, पण तो मोठ्या मण्यारीला धरून बनलेला. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे मानेजवळही स्पष्ट असतात. उलट काही म्हाताऱ्या मण्यारींवर पट्टे जवळपास दिसतच नाहीत, नुसता चकचकीत काळा साप. ‘मानेपासून पट्टे, म्हणजे कवड्या’ असं म्हणून पिल्लू हातात घेणारा माणूस अगदी श्मिट यांच्याच जागी उभा असतो; फरक एवढाच की त्यांच्याकडे जुळणाऱ्या आणखी तीन खुणा होत्या, याच्याकडे तेवढ्याही नसतात.

त्याऐवजी पाठीच्या कण्यावरची मधली रांग बघावी. मण्यारीत ती इतर खवल्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या, षटकोनी खवल्यांची असते, पिल्लातही. कवड्यात मधले खवले बाजूच्यांसारखेच. मण्यारीच्या पट्ट्यांत बारीक पांढऱ्या रेघांच्या जोड्याही दिसतात. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा मण्यारीत १५, कवड्यात १७. पण पश्चिम भारतात सिंध मण्यारही नोंदली गेली आहे, आणि तिच्या रांगाही १७ किंवा जास्त! म्हणजे रांगांचा आकडा एकटा घेतला तर पुन्हा तोच फास. मधली षटकोनी रांग तिच्यातही आहेच, म्हणून दोन-तीन खुणा मिळूनच बोलायचं.

हे सगळं जिवंत सापाजवळ जाऊन बघायचं नाही. मोबाइलचा झूम आता पुरेसा आहे: दूर उभं राहून पाठीच्या मधल्या भागाचा सरळ वरून एक फोटो, डोक्याचा बाजूने एक. पोटाकडच्या खुणांसाठी कात मिळाली तर सोनं. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे दोन-दोन. हे कातेवर आरामात टेबलावर बसून दिसतं. फक्त कात ताणलेली असते, तेव्हा तिच्यावरून सापाची लांबी सांगू नये. मेलेला सापही काठीनेच उलटावा. तुटलेल्या डोक्याचा चावा ही काही दंतकथा नाही.

आणि कुणाला चावला असेल तर पुस्तक उघडूच नये. भारतात मिळणारं बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघतात; रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठतं की नाही ते पाहतात. सापाचं नाव त्यांना मदत करतं, पण नावाशिवाय त्यांचं अडत नाही. साप पकडून किंवा मारून दवाखान्यात नेण्याच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो, हे जास्त वेळा होतं.

बेडकांच्या बाबतीत

बेडकांजवळ हा जिवाचा प्रश्न नसतो, म्हणून तिथे आपण जास्त बेफिकीर होतो. भाताच्या खाचरातल्या लहान तपकिरी बेडकांचे फोटो गाईडमधल्या चित्राशी जुळवून धडाधड नावं दिली जातात. एकाच जातीचे बेडूक, कुणाच्या पाठीवर मधोमध पांढरी रेघ, कुणाच्या नाही. कुणी विटकरी, कुणी चिखलाच्या रंगाचा. जाती मात्र आवाजाने ओळखण्याजोग्या वेगळ्या. अशा वेळी मिनर्व्हार्या एवढं जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव लिहून पुढे ‘जाती निश्चित नाही’ लिहिणं ही पूर्ण ओळख आहे. नराचा आवाज अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित केला तर पुढचं काम कुणीतरी जाणकार करू शकतो. दहा फोटोंनी ते होत नाही.

पुस्तकाचं वयही बघत जावं. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचं भारतीय सापांवरचं गाईड २००४ सालचं. अजूनही पहिल्यांदा तेच हातात घ्यावं असं. पण तेव्हा भारतभरचा हिरवा हरणटोळ ‘अहेतुल्ला नसुता’ या एका नावाखाली होता. २०२० साली त्या नावाचे तुकडे झाले. ‘नसुता’ श्रीलंकेपुरता उरला, उत्तर सह्याद्रीतला ‘बोरिआलिस’ झाला, मैदानी भागातला ‘ऑक्सिर्हिंका’. म्हणजे सावंतवाडीच्या आणि अकोल्याच्या हरणटोळाला आज वेगळी नावं आहेत, आणि ती वेगळी करायची तर पहिली खूण पुन्हा तीच: कुठे सापडला. फोटोखाली गाव आणि तारीख लिहिलेली नसेल तर २००४चं पुस्तकही कामाचं नाही आणि २०२०चा शोधनिबंधही.